तलावात तेल उतरल्यावर काय करावे : मच्छीमार संस्थांच्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

तेलगळती म्हटले की समुद्र, बुडालेले जहाज आणि काळा पडलेला किनारा डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे विदर्भातल्या मच्छीमाराला हा विषय आपला वाटत नाही. प्रत्यक्षात तो आपलाही आहे. औष्णिक विद्युत केंद्रातील थंड भट्टी पेटवताना कोळशाच्या आधी फर्नेस ऑइल किंवा हलके डिझेल जाळावे लागते, आणि हे तेल रेल्वेच्या वाघिणींतून व टँकरमधून येते. कारखान्यांच्या बॉयलरजवळ तेलाच्या टाक्या असतात. खाणींच्या कार्यशाळांतून डंपरचे जळके तेल निघते. यांपैकी एखादी टाकी, नळी किंवा वाहन फुटले की तेल आधी नाल्यात उतरते, आणि आमच्याकडचा नाला एक तर एखाद्या मामा तलावाला (मालगुजारांनी बांधलेल्या जुन्या गावतलावाला) मिळतो किंवा वैनगंगा, वर्धा, इरई, कन्हान यांपैकी एखाद्या नदीला. समुद्रात तेल पसरून विरळ तरी होते. पारीने, म्हणजे मातीच्या बांधाने, अडवलेल्या तलावात मात्र ते गाळात बसते आणि पुढच्या हंगामातही वर येते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील ढिवर, भोई आणि इतर मासेमार समाजांच्या सहकारी संस्थांमध्ये जे नव्याने काम पाहू लागले आहेत, ज्यांच्या हातात फोन आहे, लिहिता-वाचता येते आणि म्हणून संकटाच्या वेळी गाव ज्यांच्याकडे बघते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा एका संस्थेचे दप्तर मी बरीच वर्षे सांभाळले आहे. पुढे जे सांगितले आहे त्यातले निम्मे मी कायद्याच्या पुस्तकांतून शिकलो आणि निम्मे आमच्या स्वतःच्या चुकीतून.

ती चूक आधी सांगतो. श्रावणातल्या एका पहाटे आमच्या तलावावर राखणीला असलेल्या म्हाताऱ्या काकांना मासोळ्या काठाशी येऊन तोंड वर काढताना दिसल्या. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन हुंगले आणि तसेच घरी येऊन सांगितले की, पाण्याला गाडीचा वास येतो. उजाडल्यावर नाल्याच्या मुखापासून सलंगापर्यंत, म्हणजे जादा पाणी वाहून जाते त्या सांडव्यापर्यंत, इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला. गावाने काय केले? दुर्गंधी सुटू नये म्हणून दिवसभर खपून मेलेली मासळी गोळा केली आणि खड्डा करून पुरली. कोणी ती मोजली नाही आणि कोणी फोटोही काढला नाही. त्याच रात्री मोठा पाऊस झाला आणि सलंगावरून वाहून तवंग निघून गेला. तिसऱ्या दिवशी आलेल्या अधिकाऱ्याने अहवालात लिहिले की, पाहणीच्या वेळी तेलाचा अंश आढळला नाही आणि मृत मासळी जागेवर नव्हती. तो खोटे लिहीत नव्हता. ज्या दिवशी घडले त्या दिवसाची नोंद आम्ही केली नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवसाची नोंद हीच घटनेची नोंद ठरली, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याला एका शब्दाचेही उत्तर द्यावे लागले नाही.

पहिला दिवस

मासोळी वर आलेली किंवा तवंग आलेला दिसताच सर्वप्रथम वेळ लिहावी आणि कोणाला दिसले ते लिहावे. त्यानंतर निदान दोन माणसांनी नाल्याच्या काठाने वर चालत जावे आणि तेल जेथून येते तेथपर्यंत पोहोचावे, कारण तेल तलावात आहे हे सिद्ध करणे सोपे असते, ते कोणाचे आहे हे सिद्ध करणे अवघड, आणि तो माग काही तासांतच पुसला जातो. वाटेत दर शंभर-दोनशे पावलांवर फोटो काढावा. वरून स्वच्छ वाहणारे पाणी आणि खाली तेलकट पाणी ज्या ठिकाणी भेटते, तो एक फोटो पन्नास साक्षीदारांच्या तोलाचा असतो. कोणाच्याही आवारात शिरू नये. सार्वजनिक नाल्यातून किंवा रस्त्यावरून जे दिसते ते पुरेसे असते. स्थान व वेळ उमटवणारे कॅमेरा अ‍ॅप वापरावे, पण मूळ फाइल फोनमधून काढू नये आणि तो फोन विकू नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा जणांकडे फिरून आलेल्या फोटोसाठी ते कोण देणार, हा प्रश्न उभा राहतो.

जिवाची काळजी याच वेळी घ्यायची आहे. डिझेलसारख्या हलक्या तेलाची वाफ पेट घेते, म्हणून काठावर विडी-काडी नको. उघड्या हातापायांनी तेलात उतरू नये. जनावरे पाण्यावर सोडू नयेत. तलावालगतच्या विहिरींचे पाणी तपासणी होईपर्यंत पिऊ नये, अशी दवंडी ग्रामपंचायतीकडून द्यावी. तडफडणारी मासळी स्वस्तात विकून निदान मजुरी तरी काढावी, असा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे, पण ती विकू नये. खाणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय पुढे समोरचा वकील विचारतो की, मासळी बाजारात गेली होती तर नुकसान कसले?

तेल पसरू नये म्हणून तुडूम (तलावाचे पाणी शेतांना सोडण्याचे दार) लगेच बंद करावे, म्हणजे खालच्या धानाच्या बांध्यांत ते जाणार नाही. नाल्याच्या मुखाशी तणसाच्या पेंढ्या दोरीने बांधून आडव्या टाकल्या तर तवंग पुष्कळसा अडतो आणि तणस तेल शोषते. हे आधी फोटो व नमुने घेऊन मग करावे, आणि तेलाने माखलेले तणस जाळू नये. ते प्लॅस्टिकवर एका बाजूला रचून ठेवावे, कारण तोही पुरावा आहे.

मेलेली मासळी पंचनाम्यापर्यंत हलवू नये. हलवावीच लागली तर जातीनुसार ढीग करून, काट्यावर वजन करून, काट्याच्या आकड्यासह फोटो घ्यावा. रोहू, कतला, मृगळ ही सोडलेली मासळी आणि मरळ, झिंगे यांसारखी आपोआप वाढणारी मासळी वेगवेगळी लिहावी.

कळवायचे कोणाला, आणि कसे

त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायचा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालय (विदर्भात नागपूर, चंद्रपूर आणि अमरावती येथे प्रादेशिक कार्यालये आहेत), तहसीलदार, पोलीस ठाणे, मत्स्यव्यवसाय विभागाचे जिल्ह्याचे सहायक आयुक्त आणि तलाव ज्याच्या ताब्यात आहे ते खाते, म्हणजे जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग किंवा जलसंपदा विभाग, अशा पाचही ठिकाणी एकच मजकूर जावा. फोन जरूर करावा, पण फोनवर भरवसा ठेवू नये. ईमेल पाठवल्यास वेळ आपोआप नोंदली जाते. कागद दिल्यास आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. ‘साहेब आल्यावर देतो’ असे बाबूने म्हटले तर साहेब येईपर्यंत बाकावर बसावे.

अर्जात रागाचा एकही शब्द नसावा. केव्हा दिसले, कोठून कोठपर्यंत, वास व रंग कसा, मासळीची स्थिती काय, नाल्याच्या वर कोणते उद्योग आहेत एवढेच लिहावे आणि तीन मागण्या कराव्यात: तातडीने नमुने घ्यावेत, पंचनामा करावा, आणि गळती थांबवण्याचे निर्देश द्यावेत. अमुक कंपनीनेच केले असे पहिल्या अर्जात ठामपणे लिहू नये. ‘अमुक आवाराच्या निचऱ्यातून तेल येताना दिसले’ असे जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे.

येथे एक गोष्ट नव्या माणसाने पक्की लक्षात ठेवावी. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम ३१ प्रमाणे अपघाताने प्रदूषक पदार्थ पाण्यात गेला किंवा जाण्याची भीती निर्माण झाली, तर त्या जागेच्या प्रमुखाने स्वतःहून ताबडतोब मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे गळतीची खबर देणे हे मुळात आपले काम नव्हे, त्यांचे होते. त्यांनी ती दिली की नाही, दिली तर किती वाजता दिली आणि किती तेल गेल्याचे सांगितले, हे पुढे माहितीच्या अधिकारात काढायचे आहे.

नमुने

आपण बाटलीत भरून ठेवलेले पाणी आपल्या समाधानासाठी आणि दिशा कळण्यासाठी उपयोगी असते, परंतु खटल्यात वजन असते ते मंडळाच्या अधिकाऱ्याने त्याच जल अधिनियमाच्या कलम २१ मधील पद्धतीने घेतलेल्या नमुन्याला. म्हणून अधिकारी येतील तेव्हा संस्थेचे दोन पदाधिकारी सोबत असावेत, आणि नमुना निचऱ्याच्या तोंडाशी, त्याच्या वरच्या बाजूला, नाल्याच्या मुखाशी व तलावाच्या मध्यभागी अशा चार ठिकाणी घ्यावा, असा आग्रह धरावा. वरच्या बाजूचा स्वच्छ नमुना नसेल तर खालच्या घाणीचा दोष कोणावरही ढकलता येतो. गोसीखुर्दच्या जलाशयात नाग नदीतून नागपूरचे सांडपाणी येते, हे सर्वांना ठाऊक आहे. वैनगंगेच्या काठी घडलेल्या प्रकरणात ‘मासे सांडपाण्याने मेले’ हे उत्तर तयारच असते.

तरीही अधिकारी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणार असतील तर स्वतःचे नमुने घ्यावेच. तेलासाठी काचेची रुंद तोंडाची बाटली लागते, कारण प्लॅस्टिकला तेल चिकटते. ती त्याच पाण्याने आधी विसळू नये, आणि एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतू नये. बर्फाच्या पेटीत ठेवून ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शक्य तितक्या लवकर पोहोचवावी. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मात्र जागेवरच मोजावा लागतो. ताजी मेलेली किंवा तडफडणारी मासळी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवावी. फुगलेल्या, सडलेल्या माशावरून प्रयोगशाळा काही सांगू शकत नाही. नागपूरच्या तेलंगखेडी येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयातील तज्ज्ञांना पत्र देऊन पाहणीची विनंती करता येते.

अहवाल हाती आल्यावर दोन आकडे शोधावेत. उद्योगाने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, आणि मत्स्यपालनासाठी योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान ४ मिलिग्रॅम असावा, अशी मानके आहेत. तवंगामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत नाही. रात्री वनस्पतीही प्राणवायू देत नाहीत, उलट तो वापरतात. म्हणून मासोळी पहाटे वर येते. काकांना जे पहाटे दिसले त्याचे कारण हेच. दुपारी बारा वाजता घेतलेला प्राणवायूचा आकडा चांगला दिसला तर तो पहाटे पुन्हा घ्यायला लावावा.

पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी

पंचनामा तलाठी, मत्स्यव्यवसाय विभाग किंवा मंडळ यांपैकी कोणीही करो, तो संपूर्ण वाचून घ्यावा किंवा मोठ्याने वाचून दाखवायला सांगावा. ‘अंदाजे काही मासळी मृत’ असे लिहिले असेल तर वजन लिहायला लावावे. तेल लागलेली जाळी आणि डोंगे, करपलेला शिंगाडा, पाण्यापासून दूर ठेवलेली जनावरे हे सगळे त्यात यावे. मजकूर मान्य नसेल तर सही नाकारून निघून जाण्यापेक्षा ‘पुढील बाबींवर हरकत नोंदवून सही’ असे लिहून सही करावी आणि त्याच दिवशी ती हरकत अर्जाने पाठवावी. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे वेगळे सांगायला नको, पण घाईत ती झालेली मी पाहिली आहे.

नुकसानीचा हिशेब

बहुतेक संस्था या पायरीवर हरतात, आणि त्याचे खापर कंपनीवर फोडता येत नाही. ठेक्याचा करारनामा सापडत नाही, मत्स्यबीजाची बिले नाहीत, पकड नोंदवही मार्चनंतर लिहिलेलीच नाही, आणि व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या कोणाच्या तरी खिशात धुतल्या गेल्या आहेत. मग मागणीचा आकडा तोंडी ठरतो आणि तोंडी आकड्याची किंमतही तोंडीच राहते. ज्या संस्थेवर अजून संकट आलेले नाही, तिने हा भाग आजच वाचावा.

हिशेब कसा मांडावा याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तलावाचे जलक्षेत्र २० हेक्टर आहे, मागील तीन वर्षांची सरासरी पकड ६,००० किलो आहे आणि घटनेपर्यंत १,००० किलो निघालेली होती. उरलेल्या ५,००० किलोला काठावरचा भाव किलोमागे १२० रुपये धरला तर ६ लाख रुपये होतात. यातून वाचलेला खर्च, म्हणजे बर्फ व वाहतूक, प्रामाणिकपणे वजा करावा. आपण वजा केला नाही तर समोरचा करील आणि त्याबरोबर आपली विश्वासार्हताही वजा होईल. त्यानंतर मिळवायचे ते असे: पुढच्या वर्षी बोटुकली (बोटाएवढे मत्स्यबीज) सोडता आली नाही तर त्या वर्षाचे उत्पन्न, बदलावी लागणारी जाळी, गाळ तपासणीचा व सफाईचा खर्च, आणि भरलेला ठेका.

या हिशेबात न दिसणारी माणसे असतात. मासळी डोक्यावर पाटीत घेऊन आठवडी बाजारात व दारोदार विकणाऱ्या बाया संस्थेच्या सभासद नसतात, त्यांच्याजवळ पावती नसते, पण तलाव बंद पडला की त्यांची चूल पहिल्या आठवड्यातच थंडावते. अशा १२ बायांचे रोजचे ३०० रुपये याप्रमाणे ९० दिवसांचे नुकसान ३ लाख २४ हजार होते, म्हणजे वरच्या पकडीच्या आकड्याच्या निम्म्याहून अधिक. त्यांचे प्रत्येकीचे स्वतंत्र जबाब घ्यावेत, कोणत्या गावाला किती मासळी नेत होत्या ते लिहावे, आणि ज्यांच्याकडून मासळी घेत त्यांच्या वहीशी ताळा घालावा. नाल्यात झिंगे धरणारे, शिंगाडा लावणारे आणि सभासद नसूनही हक्काने मासेमारी करणारे, यांचेही तसेच.

गडचिरोलीसारख्या भागात ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांच्या बाजूने वनहक्क कायदा, २००६ चे कलम ३(१)(घ) उभे राहते, कारण त्यात जलाशयातील मासळी व इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्क स्पष्टपणे मांडलेला आहे. अशा ठिकाणी दावा संस्थेसोबत ग्रामसभेच्या ठरावानेही करावा. गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार झालेली असेल तर तीही काढावी. घटनेपूर्वी तलावात कोणकोणती मासळी होती, याचा तो गावाने आधीच लिहिलेला दाखला असतो.

जबाबदार नेमके कोण

आवाराच्या फाटकावर एक नाव असते, टाकी दुसऱ्याच्या कंत्राटात असते, टँकर तिसऱ्याचा असतो आणि जमीन चौथ्याची. सुरुवातीला सर्वांनाच पक्षकार करावे. २०११ च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळच्या समुद्रात एमव्ही राक हे कोळशाचे जहाज बुडून तेल पसरले, त्या प्रकरणात पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांवर १०० कोटी रुपयांची आणि ज्या कंपनीचा कोळसा जहाजावर होता तिच्यावर स्वतंत्रपणे ५ कोटींची भरपाई बसवली होती. वाहन आमचे नव्हते, एवढ्यावर मालाचा मालक सुटतोच असे नाही.

‘आमची चूक नव्हती, झडप अचानक निकामी झाली’ हा बचाव ऐकून खचू नये. दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून १९८५ च्या डिसेंबरमध्ये वायुगळती झाली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले तत्त्व असे आहे की, धोकादायक व्यवसाय करणाऱ्याला त्यातून झालेल्या हानीची भरपाई निष्काळजीपणा सिद्ध न होताही द्यावी लागते. हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १७ नेही अपघाताच्या बाबतीत हाच नियम घातला आहे. आपल्याला सिद्ध करायचे आहे ते इतकेच की तेल त्यांच्याकडून आले, आणि त्याने आपले एवढे नुकसान झाले.

त्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा. मंडळाकडे अर्ज करताना १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, एका अर्जात एकच विषय ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे आणि लांब अर्ज परत करण्याला ते निमित्त पुरते. पहिल्या अर्जात उद्योगाचे संमतीपत्र व त्यातील अटी, दुसऱ्यात मागील तीन वर्षांचे तपासणी अहवाल व कारणे दाखवा नोटिसा, तिसऱ्यात या घटनेचे नमुना अहवाल आणि जल अधिनियमाच्या कलम ३१ खाली आलेली खबर मागावी. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करावे.

दाद कोठे मागावी

गळती चालूच असेल तर सर्वांत जवळचे दार उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली ते सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. पोलिसांत तक्रार देताना सार्वजनिक जलाशयाचे पाणी दूषित करण्याविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम २७९ लक्षात ठेवावे. टँकर उलटला असेल तर वाहनाचा क्रमांक व विमा यांची नोंद पोलिसांकडून घ्यावी, कारण इतरांच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो.

भरपाई आणि तलाव पूर्ववत करून घेणे या दोन्हींसाठी मुख्य दार मात्र राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आहे. महाराष्ट्रासाठी त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे. त्याच्या २०१० च्या अधिनियमाच्या कलम १५ खाली पीडितांना भरपाई, मालमत्तेची हानी भरून देणे आणि पर्यावरण पूर्ववत करणे या तिन्ही मागण्या करता येतात आणि त्यासाठी घटनेपासून पाच वर्षांची मुदत आहे. कलम १४ खालील इतर वादांना मात्र सहाच महिने मिळतात. या दोन्हींवर सबळ कारणासाठी साठ दिवसांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. भरपाई मागितल्यास मागणीच्या एक टक्का शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला लागत नाही. म्हणून अर्जदार कोण असावेत हे वकिलाला विचारून ठरवावे. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक आपत्तीचे बळी यांना तेथे मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि आमच्या पाटीवाल्या बाया यांपैकी निदान एका ओळीत नक्की बसतात.

गोड्या पाण्यातले जवळचे उदाहरण आसामचे आहे. तिनसुकिया जिल्ह्यातील बागजान येथे २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायूचा स्फोटक उद्रेक झाला, तेल शेजारच्या मागुरी-मोटापुंग या बिलात, म्हणजे आपल्या भाषेत मोठ्या तलावात पसरले आणि ९ जूनला विहिरीने पेट घेतला. हरित न्यायाधिकरणाने जूनमध्येच चौकशी समिती नेमून कंपनीला २५ कोटी रुपये जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे भरायला सांगितले. अंतिम निर्णयाला वेळ लागतो, पण अंतरिम रक्कम व समिती लवकर मागता येते, हे यातून शिकावे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये चेन्नईजवळ एन्नोरच्या खाडीत तेल पसरले, तेव्हा न्यायाधिकरणाने स्वतःहून दखल घेतली होती.

कंपनीचा माणूस घरी येतो तेव्हा

तो बहुधा आठवड्याभरात येतो, गोड बोलतो, आणि अध्यक्षाच्या घरी येतो, सभेत येत नाही. पाण्याचा टँकर, एखादी कूपनलिका, मंदिराला रंग, चार मुलांना कंत्राटात काम असे काही तो देऊ करतो. यातले काहीही भरपाई नव्हे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात, त्यामुळे त्या खात्यातून आलेली कूपनलिका ही तलावाची किंमत म्हणून स्वीकारू नये. घ्यायची असेल तर ‘नुकसानभरपाईच्या दाव्याला बाधा न येता’ असे लिहून घ्यावी. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ हे शब्द ज्या कागदावर आहेत, त्यावर सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय आणि वकिलाने वाचल्याशिवाय कोणीही सही करू नये, असा ठराव पहिल्याच आठवड्यात करून ठेवावा. बोलणी पाच जणांच्या समितीने करावीत, त्यात निदान दोन बाया असाव्यात, आणि प्रत्येक भेटीचे इतिवृत्त त्याच रात्री लिहावे.

पहिला आकडा कोण लिहितो याला किती महत्त्व असते, ते नायजेरियातील बोडो या मासेमार वस्तीने पाहिले आहे. २००८ मध्ये तेथे शेलच्या उपकंपनीची तेलवाहिनी दोनदा फुटली आणि खाडीतील मासेमारी संपली. गळलेल्या तेलाचा कंपनीचा आकडा लहान होता आणि तडजोडीची पहिली रक्कमही सबंध समाजासाठी अवघी ४,००० पौंड होती. लोकांनी तो आकडा मान्य केला नाही, लंडनच्या न्यायालयात दावा लावला, तेथे आकडा कमी धरला गेल्याचे कंपनीला कबूल करावे लागले आणि २०१५ च्या जानेवारीत साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्यातले साडेतीन कोटी १५,६०० व्यक्तींना आणि दोन कोटी समाजाला, अशी ती विभागणी होती. आपल्याकडे इतकी रक्कम मिळेल, असे मी सुचवत नाही. व्यक्तीचा आणि समाजाचा वाटा वेगळा लिहिला गेला, हे मात्र आपल्या मागणीपत्रात उचलण्यासारखे आहे.

घाईने अंतिम सही का करू नये, याचे कारण अलास्कात आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून तेल पसरले, आणि तेथील हेरिंग मासळी १९९३ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी कोसळली. त्यामागे तेल किती आणि रोग किती यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच राहिला. १९९४ मध्ये ज्युरीने ठोठावलेली ५ अब्ज डॉलरची दंडात्मक भरपाई २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ५० कोटी डॉलरवर आणली. तोवर अनेक दावेदार हयात नव्हते. म्हणून मागणीपत्रात ‘पुढील पाच वर्षे दरवर्षी मत्स्यगणना व गाळ तपासणी कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि त्यात आढळलेल्या नुकसानीचा हक्क राखून ठेवला आहे’ हे वाक्य घालावे, आणि दाव्यात प्रत्येक दावेदाराच्या वारसांची नावे सुरुवातीपासून लिहावीत.

आदेश मिळाल्यानंतर

न्यायाधिकरणाचा आदेश दिवाणी हुकुमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो, पण अंमलबजावणीचा अर्ज आपल्यालाच करावा लागतो. रक्कम थेट बँक खात्यात जावी, बायांच्या नावे वेगळी जावी, आणि वाटपाची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. भांडणे बहुधा पैसे येईपर्यंत होत नाहीत, आल्यावर होतात.

पाणी स्वच्छ दिसले म्हणून लगेच बीज सोडू नये. आधी नाल्याचे मुख, मधला खोल भाग आणि सलंगाजवळचा भाग अशा तीन ठिकाणी जाळीचे पिंजरे लावून प्रत्येकी शंभर बोटुकली पंधरा दिवस ठेवावी, रोज सकाळी मेलेली मोजून नोंदवहीत लिहावी, आणि गाळ काठीने ढवळल्यावर तवंग वर येतो का ते पाहावे. आमच्या तलावात दुसऱ्या वर्षीही नाल्याकडच्या पिंजऱ्यातली बोटुकली निम्मी मेली होती आणि सलंगाजवळची जवळपास सगळी जगली होती. या वेळी ते आम्ही रोज तारीख टाकून लिहिले होते, आणि त्या पानांची झेरॉक्स मंडळाच्या कार्यालयात आवक क्रमांकासह दिलेली आहे.